दोन्ही टोकांना वायरलेस इंटरनेट, मधे व्हीपीएन : रबाळे ते घोडबंदर रोड

पार्श्वभूमी

रबाळे एमआयडीसीत सीएनसी मशीनवर सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे. माणसं वीस-बावीस. ऑफिस म्हणजे गाळ्यावरच काढलेला पोटमाळा. तिथे चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि खाली दाराशी बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं मशीन. हिशेब टॅलीवर, अनेक जणांनी एकदम वापरायच्या परवान्याचा. डेटा एका कॉम्प्युटरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असायचा आणि बाकीचे तिथूनच कंपनी उघडायचे.

अकाउंट्स सांभाळणाऱ्या मॅडम कासारवडवलीला राहतात. बसने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स हार्बरची लोकल, रबाळ्याला उतरून रिक्षा. घोडबंदर रोडवर कोंडी झाली की पहिल्याच टप्प्यात तास जातो. घरात सासऱ्यांचं मोठं ऑपरेशन झालं आणि पुढचे काही महिने दिवसभर कुणीतरी घरी असणं भाग झालं. मॅडमनी नोकरी सोडायची तयारी दाखवली. मालक म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही सोडू नका. आठवड्यातून एकदा या, बाकी घरून करा. सोय मी करतो.’’ ती सोय करण्यासाठी मला बोलावलं गेलं. ती म्हणजे व्हीपीएन : इंटरनेटवरूनच घर आणि ऑफिस यांना जोडणारी खासगी, कुलूपबंद वाट.

दोन्ही ठिकाणचं इंटरनेट वायरलेस होतं. गाळ्यापर्यंत फायबर आणायचं तर रस्ता खोदायची परवानगी लागत होती आणि ती अडकलेली होती, म्हणून मालकांनी ५जीचा वायरलेस संच घेतलेला. मॅडमच्या इमारतीतही फायबरचं काम अर्धवट राहिलेलं, त्यामुळे घरीसुद्धा तसाच संच, फक्त दुसऱ्या कंपनीचा. वेग दोन्हीकडे चांगला होता. मालकांनी मोबाइलवर स्पीड टेस्ट करून दाखवली आणि विचारलं, ‘‘एवढा स्पीड आहे, मग अडचण काय?’’

अडचण

माझ्याआधी एका ओळखीच्या मुलाने प्रयत्न केला होता. ऑफिसच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग लावलं (बाहेरून येणारी जोडणी आतल्या कॉम्प्युटरकडे वळवायची सेटिंग), बदलत्या आयपीसाठी, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यासाठी, डायनॅमिक डीएनएसचं (पत्ता बदलला तरी तेच राहणारं) नाव घेतलं आणि घरून जोडून पाहिलं. काही केल्या लागेना. सेटिंग बरोबर होती. अडचण सेटिंगच्या पलीकडे होती.

अशा कामात मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो : राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, आयपी काय दिसतो आणि बाहेरची वेबसाइट आपला आयपी काय सांगते. दोन्ही एकच असतील तर सार्वजनिक पत्ता आपल्याकडे आहे. इथे ऑफिसच्या संचावर १०० पासून सुरू होणारा पत्ता होता आणि वेबसाइट भलताच दाखवत होती. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवलेला आहे. आयपीव्ही४चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते अपुरे पडतात म्हणून इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजी-नॅट म्हणतात आणि हा पट्टा त्यासाठीच आहे. मॅडमच्या घरी वॅनला १० ने सुरू होणारा पत्ता होता; तोही खासगी पट्टाच. परिणाम तोच.

एखाद्या मोठ्या सोसायटीत इंटरकॉमवरून बाहेर फोन लावता येतो, पण बाहेरच्याला तुमच्या फ्लॅटचा इंटरकॉम थेट लावता येत नाही, तसं हे आहे. आपण बाहेर गेलो की उत्तर परत येतं. आपल्याकडे स्वतःहून कुणी येऊ शकत नाही. एका टोकाला असं असेल तर काम भागतं, कारण दुसरं टोक फोन घेऊ शकतं. इथे फोन लावायला दोघं तयार होते, घेणारं कुणीच नव्हतं. वेग कितीही वाढवला तरी यात फरक पडत नाही, आणि मालकांना हे पटवण्यात पहिली भेट गेली. ती वेळ सार्थकी लागली. पुढच्या सगळ्या निर्णयांत ते डोळसपणे सहभागी झाले.

पर्याय

पहिला पर्याय स्थिर आयपीचा. ऑफिसच्या इंटरनेट कंपनीकडे विचारलं; त्या वायरलेस प्लॅनवर मिळत नाही असं उत्तर आलं. फायबरची लीज्ड लाइन घेतली तर मिळेल, पण ती खोदाईच्या परवानगीशीच अडकलेली.

दुसरा आयपीव्ही६चा, म्हणजे मुबलक पत्ते असलेल्या नव्या पद्धतीचा. भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास मिळतं आणि तिथे नॅटची, म्हणजे एका पत्त्यामागे अनेकांना बसवण्याची, गरज नसते, म्हणून हा मार्ग कागदावर सुंदर दिसतो. दोन्ही संचांना आयपीव्ही६ मिळतही होतं. पण संच बंद-चालू झाला की पत्त्याचा पुढचा भाग बदलायचा आणि बाहेरून येणारी जोडणी कंपनीने दिलेला संच अडवायचा. ते उघडायची सोय त्याच्या सेटिंगमध्ये नव्हती.

तिसरा, टेलस्केल किंवा झीरोटियरसारखी तयार सेवा. या सेवा दोन्ही टोकांना एकाच वेळी बाहेर यायला लावतात आणि नॅटमधून वाट काढतात. वाट निघाली नाही तर रहदारी स्वतःच्या रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, नेतात. मी ही सेवा लावून पाहिली. थेट जोडणी कधी लागायची, कधी दिवसभर रिलेवरूनच चालायची, आणि रिलेवर गेली की टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटायचं. दोन-तीन लॅपटॉपचं काम असेल, किंवा एका टोकाला तरी सार्वजनिक पत्ता असेल, तर मी डोळे मिटून हाच मार्ग सुचवेन. इथे दोन्ही बाजू अवघड होत्या.

चौथा, मधे स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवायचा. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने एक व्हर्च्युअल सर्व्हर, त्याला स्वतःचा सार्वजनिक आयपी. ऑफिस त्याला फोन लावणार, मॅडमचा लॅपटॉपही त्यालाच लावणार आणि तो दोघांना जोडून देणार. एक कोअर आणि एक जीबी मेमरी पुरते. भाडं महिन्याला काहीशे रुपये.

पाचवा पर्याय मालकांच्या मित्राने सुचवलेला : व्हीपीएन वगैरे सोडा, स्क्रीन शेअर करायचं फुकटचं अ‍ॅप टाका. एखाद्या दिवसापुरतं ठीक. रोजच्या धंद्यासाठी फुकटची आवृत्ती वापरणं परवान्यात बसत नाही आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरची किल्ली एका नऊ अंकी क्रमांकावर आणि पासवर्डवर टांगून ठेवणं मला मान्य नव्हतं.

निर्णय आणि त्यामागची कारणं

चौथा पर्याय ठरला, वायरगार्ड वापरून. वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर २०२० मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आलं. ते यूडीपीवर (पोच न मागता पॅकेट पाठवायची पद्धत) चालतं, सेटिंगची फाइल दहा-पंधरा ओळींची असते आणि मोबाइल नेटवर्कवर पत्ता मधेच बदलला तरी टनेल, म्हणजे दोन टोकांमधली खासगी वाट, तुटत नाही. नवीन पत्त्यावरून योग्य किल्लीने (ओळख पटवणाऱ्या सांकेतिक आकड्याने) सही केलेलं पॅकेट आलं की सर्व्हर पुढचं उत्तर तिकडे पाठवतो. वायरलेस जोडणीसाठी हा गुण मला वेगापेक्षा मोठा वाटतो. ओपनव्हीपीएनही चाललं असतं, पण ते टीसीपीवर (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारी पद्धत) बसवायचा मोह टाळावा लागतो. टीसीपीच्या पोटात टीसीपी गेलं आणि वायरलेसवर दोन पॅकेट हरवली की दोन्ही थर आपापल्या परीने तीच पॅकेट पुन्हा पाठवू लागतात आणि सगळं गोठतं. जुन्या राउटरमध्ये पीपीटीपी ही व्हीपीएनची जुनी पद्धत अजून दिसते. त्याची पासवर्ड तपासायची पद्धत २०१२ मध्येच उघडी पडली आहे; ते वापरू नये.

मालकांनी विचारलेला एक प्रश्न अगदी योग्य होता : ‘‘व्हीपीएन कायद्यात बसतं ना?’’ सर्ट-इनने (सायबर सुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं आहे. कंपनीने स्वतःच्या माणसांसाठी उभारलेल्या व्हीपीएनला ही अट लागू नाही, असा खुलासाही सर्ट-इनने केला आहे. मात्र त्याच निर्देशांत यंत्रणांचे लॉग (कामकाजाच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आणि घड्याळं जुळवून ठेवायची असंही आहे, म्हणून सर्व्हर आणि राउटर दोन्हींवर ती व्यवस्था पहिल्याच दिवशी केली.

घराच्या बाजूला राउटर जोडायचा की फक्त लॅपटॉप, यावरही बोलणं झालं. राउटर जोडला की घरातले सगळे मोबाइल, टीव्ही आणि पाहुण्यांचे फोन ऑफिसच्या नेटवर्कच्या दारात उभे राहतात. म्हणून फक्त कंपनीने दिलेला लॅपटॉप. तोही टनेलमधून ऑफिसपुरतंच बोलणार. जीएसटी पोर्टल, बँक, ईमेल थेट घरच्या इंटरनेटवरून.

प्रत्यक्ष काम

*पत्त्यांची टक्कर.* ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ या पट्ट्यात होतं. मॅडमच्या घरचंही तेच. असंख्य राउटर कारखान्यातून हाच किंवा १९२.१६८.० घेऊन येतात. लॅपटॉपला १९२.१६८.१.५० गाठायचा असेल तर तो घरातच शोधणार, टनेलकडे वळणारच नाही. घरचा पट्टा बदलणं दोन मिनिटांचं काम होतं. तरी मी ऑफिसचा बदलायचं ठरवलं. उद्या दुसरा कुणी घरून काम करेल, किंवा मॅडम माहेरी जाऊन तिथल्या वायफायवर बसतील, तेव्हा तीच टक्कर पुन्हा होणार. ऑफिससाठी १०.४७.२० हा सहसा न भेटणारा पट्टा घेतला आणि ५जी संचाच्या मागे मायक्रोटिकचा छोटा राउटर बसवला. त्याच्या राउटरओएस या प्रणालीत आवृत्ती ७ पासून वायरगार्ड आहेच.

कॉम्प्युटर आपोआप नवीन पत्त्यावर आले. प्रिंटरलाही फार वेळ लागला नाही. घोळ हजेरीच्या मशीनने घातला. त्याचा पत्ता हाताने टाकलेला आणि बदलायचा तर त्याच्याच इवल्याशा कीपॅडवरून, अ‍ॅडमिनच्या बोटाचा ठसा देऊन. तो अ‍ॅडमिन म्हणजे कधीच नोकरी सोडून गेलेला सुपरवायझर. सकाळची पाळी यायच्या आत हे उरकायचं होतं. शेवटी मशीन विकणाऱ्याला फोन करून अ‍ॅडमिनचा ठसा काढून टाकायची रीत विचारली, नवीन अ‍ॅडमिन म्हणून मालकांचं बोट नोंदवलं आणि पत्ता बदलला. पोटमाळ्यावर मशीनकडून पहिला संदेश दिसला तेव्हा खाली कामगारांची रांग लागली होती.

*सर्व्हर.* याबद्दल थोडक्यात : लॉगिन फक्त एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिनची पद्धत) किल्लीने, वायरगार्डचं एकच यूडीपी पोर्ट उघडं, सुरक्षेचे अपडेट आपोआप. वायरगार्डच्या किल्ल्या, एक खासगी आणि एक सार्वजनिक अशी जोडी, प्रत्येक यंत्रावरच तयार केल्या. खासगी किल्ली त्या यंत्राबाहेर गेली नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. फिरल्या त्या फक्त सार्वजनिक किल्ल्या.

*जागं ठेवणं.* सीजी-नॅटमागची यूडीपी जोडणी काही क्षण गप्प राहिली की इंटरनेट कंपनीचं उपकरण ती विसरतं आणि मग सर्व्हरकडून ऑफिसकडे काही जात नाही. म्हणून ऑफिस आणि लॅपटॉप दोन्हीकडे २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट पाठवायची सेटिंग. यात डेटा किती जातो, असं मालकांनी विचारलं. हेडर धरून ६० बाइटचं पॅकेट, दिवसातून ३,४५६ वेळा, म्हणजे एका टोकाकडून दिवसाला साधारण २०० किलोबाइट. नगण्य.

*एमटीयू.* म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि अशा जोडणीत हमखास जातो, म्हणून सविस्तर लिहितो. टनेल लागला. लॅपटॉपवरून ऑफिसचा राउटर पिंग होत होता, म्हणजे छोट्या चाचणी-पॅकेटला उत्तर देत होता. प्रिंटरचं छोटं पान उघडत होतं. रिमोट डेस्कटॉप (दूरच्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे आणणारी विंडोजची सोय) मात्र युजरनेम-पासवर्ड घेऊन काळा पडदा दाखवायचा आणि तसाच राहायचा. फाइल कॉपी करायला घेतली की शून्य टक्क्यांवर अडकायची. छोटं चालतं आणि मोठं अडकतं, हे लक्षण दिसलं की फायरवॉल उचकटत बसू नये. आधी पॅकेटचा आकार तपासावा.

वायरगार्ड स्वतःचा एमटीयू १४२० धरतं. आयपीव्ही४वर त्याची आवरणं ६० बाइटची, म्हणजे बाहेर पडणारं पॅकेट १४८० पर्यंत. साध्या १५०० च्या लाइनवर ते बसतं. मोबाइल नेटवर्कच्या आत मात्र पॅकेटवर आणखी आवरणं चढतात, आणि आतून आयपीव्ही६ असलेल्या नेटवर्कवर आयपीव्ही४ पॅकेटचं रूपांतर होताना २० बाइट वाढतात. मोठी पॅकेट वाटेतच गळतात आणि गळाल्याचा निरोपही येत नाही. विंडोजच्या पिंगला ‘तुकडे करू नका’ असा पर्याय आणि आकार देऊन टनेलच्या बाहेरून सर्व्हरला पिंग केलं. १४७२ ला उत्तर नाही. आकार उतरवत नेला. ऑफिसच्या बाजूने १३७२ पर्यंत उत्तर येत होतं, त्यापुढे नाही. १३७२ मध्ये पिंगचे २८ मिळवले की १४००. त्यातून वायरगार्डचे ६० गेले की १३४०. घरची बाजू याहून सैल होती, पण आकडा धरायचा तो अडचणीच्या टोकाचा. थोडी जागा सोडून तिन्ही ठिकाणी १३२० ठेवला आणि राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल डेटा) १२८० ला बांधला. काळा पडदा गेला. मॅडमच्या लॅपटॉपवर त्यांच्या ऑफिसच्या टेबलावरचा डेस्कटॉप उघडला.

*संचाची जागा.* ५जी संच पोटमाळ्यावर कपाटामागे होता, वर पत्रा. ३.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी भिंतींनीच दमतात. पत्र्याने तर पार अडतात. स्पीड टेस्ट चांगली यायची, पण सिग्नल −११२ डीबीएमच्या जवळ (आकडा शून्याकडे सरकेल तितका सिग्नल चांगला) आणि पिंगचं उत्तर मधूनच ३०० मिलिसेकंदांवर उडायचं. संच बाहेरच्या भिंतीला, टॉवरच्या दिशेने लावला. सिग्नल −९४ च्या आसपास आला आणि उड्या थांबल्या. सिनेमा बघणाऱ्याला या उड्या जाणवत नाहीत. रिमोट डेस्कटॉपवर व्हाउचर टाकणाऱ्याला प्रत्येक उडी जाणवते.

टॅली आणि मालकांचा आग्रह

मालकांना हवं होतं की मॅडमच्या लॅपटॉपवरच टॅली टाकावी आणि डेटाचा फोल्डर व्हीपीएनमधून जोडावा. ‘‘ऑफिसात तसंच चालतं ना?’’ ऑफिसात एका केबलवर जाऊन-येऊन एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. दोन वायरलेस टप्पे आणि मधला सर्व्हर मिळून इथे ७०-८० मिलिसेकंद लागत होते. शेअर फोल्डरमधून कंपनी उघडताना फाइलची शेकडो छोटी वाचनं होतात आणि प्रत्येक वाचन आपल्या उत्तराची वाट बघतं. मी ते मालकांसमोर करून दाखवलं. कंपनी उघडेपर्यंत चहा आला, संपला. आणखी मोठी भीती अशी, की व्हाउचर लिहिलं जात असताना वायरलेस जोडणी तुटली तर डेटा खराब होऊ शकतो.

म्हणून फाइल ऑफिसातच राहू द्यायची आणि पडदा फक्त आणायचा. मॅडमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोजची होम आवृत्ती होती. तिच्यात बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही. प्रोचा परवाना घ्यावा लागला. हा खर्च आधीच्या अंदाजात धरलेला नव्हता आणि मालकांची नाराजी स्वाभाविक होती. फायरवॉलमध्ये मॅडमच्या टनेलच्या पत्त्याला फक्त त्यांचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर दिसेल एवढंच उघडलं. डीव्हीआर आणि हजेरीचं मशीन त्यातून वगळलं. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट इंटरनेटवर थेट उघडं ठेवल्यामुळे रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) शिरल्याची उदाहरणं भरपूर आहेत. इथे ते टनेलच्या आतच राहिलं.

निष्पन्न

पहिल्या महिन्यात ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं मॅडमनी घरून भरली. बिलं घरून काढली की ऑफिसच्या प्रिंटरवर छापली जातात आणि स्टोअरचा मुलगा ती गाडीसोबत देतो. संध्याकाळी सात ते दहा घरच्या बाजूचा पिंग वाढतो, तेव्हा काम चालतं पण जड वाटतं. मॅडम महत्त्वाची नोंद त्याआधीच उरकतात.

खरी परीक्षा पावसात झाली. एका शनिवारी रबाळ्यात वीज गेली आणि दोन तासांनी आली. राउटर परत जोडला गेला, कॉम्प्युटर बंदच राहिला. मालक गावी, चावी वॉचमनकाकांकडे. मॅडमनी फोनवरून काकांना वर पाठवून बटण दाबायला सांगितलं. त्यानंतर बायॉसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आली की आपोआप चालू व्हा’ ही सेटिंग केली, कॉम्प्युटरचा यूपीएस बदलला आणि ५जी संच व राउटरसाठी १२ व्होल्टचे दोन छोटे यूपीएस लावले.

पुन्हा असं काम करताना

वीज आणि विंडोजची आवृत्ती या दोन गोष्टी पहिल्या पाहणीतच तपासायला हव्यात, सीजी-नॅटच्या बरोबरीने. तिन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम आहे आणि अंदाजपत्रक त्यावरच ठरतं. हाताने पत्ता टाकलेल्या यंत्रांची यादी आणि त्यांचे अ‍ॅडमिन पासवर्ड नेटवर्कचा पट्टा बदलायच्या आधी हातात हवेत, आणि तो बदल कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी ठेवावा.

पर्यायांमध्ये तयार सेवेला मी आणखी वेळ दिला असता का, यावर विचार केला. संचाची जागा बदलायच्या आधी तिची चाचणी झाली होती आणि कमकुवत सिग्नलचा दोष काही प्रमाणात तिच्या माथी गेला असणार. पुढच्या वेळी आधी सिग्नल, मग तुलना. तरीही दोन्हीकडे सीजी-नॅट असताना निर्णय बहुधा हाच राहिला असता.

मधला सर्व्हर बंद पडला तर सगळंच बंद, ही बाजू अजून उघडी आहे. त्याच्या सेटिंगची प्रत आणि नवा सर्व्हर उभा करायच्या पायऱ्या छापून मालकांच्या फाइलमध्ये लावल्या आहेत. सर्व्हरचं खातंही माझ्या नावावर न ठेवता कंपनीच्या ईमेलवर काढलं आहे. खोदाईची परवानगी मिळून फायबर आलं तर स्थिर आयपी घ्यायचा आणि ऑफिसच्या राउटरलाच फोन घेणारं टोक करायचं. तेव्हा लॅपटॉपवर सर्व्हरचा पत्ता आणि त्याची सार्वजनिक किल्ली एवढ्या दोनच ओळी बदलाव्या लागतील. ५जी संच तेव्हाही काढू नका, फायबर तुटेल त्या दिवसासाठी जोडून ठेवा, असं मालकांना सांगितलं आहे.